सोंग

आमची नात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात शिकते. अभ्यास सोडून ती आणखी काय करते, असं फोनवर विचारलं की तिची आई, म्हणजे आमची लेक, एवढंच सांगायची, ‘रानात जाऊन तलवारी खेळते.’ जावईबापूंचा सूर त्याहून काळजीचा. मुलगी जादूटोण्याचं सोंग घेते, तिकडच्या खेळात भलतेसलते देव असतात, उद्या काय होईल! हे प्रकरण नेमकं काय आहे, ते २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा कळलं.

या खेळाला ‘लार्प’ म्हणतात. त्याचं मूळ बैठ्या खेळात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार, चोर होतात आणि पुढं काय करणार ते तोंडानं सांगून फासे टाकतात. काहींचं बसून समाधान होईना. ते उठले आणि हातात तलवार घेऊन खरंच चालू लागले. इंग्लंडात १९८२ साली चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं. पैसे भरायचे, अंगावर कपडे चढवायचे आणि अंधाऱ्या खोल्यांतून राक्षसांशी लढत जायचं. पुढच्याच वर्षी डरहॅमच्या विद्यार्थ्यांनी आपलं मंडळ काढलं. पोलंडमध्ये २०१४ साली एका जुन्या किल्ल्यात जादूची शाळाच भरवली गेली. जर्मनीत तर हजारो माणसं उन्हाळ्यात तंबू ठोकून दिवसचे दिवस लढाया खेळतात.

हे ऐकून आम्हांला अमीर हमजाची दास्तान आठवली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं तिचे ४६ खंड छापले होते. आमच्या अब्बांकडे त्यातला एकच होता, तोही पहिली पानं गेलेला. तिलिस्म, अय्यार, आणि अमर अय्यारची ती झंबील, जिच्यात काय वाटेल ते मावायचं! नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘नाना, अशी थैली आमच्या खेळात पण आहे.’ १९७४ च्या त्या पहिल्या पुस्तकांतही जिन्न आणि इफ्रीत आहेत म्हणे. म्हणजे आपला माल आमच्या आधीच तिकडे पोचलेला होता.

आणि सोंगाचं म्हणाल तर आमच्या गावी, सोलापूरकडे, मोहरमात नवस फेडायला माणसं वाघ व्हायची. अंगाला पिवळे पट्टे, मागं शेपूट, पुढं हलगी. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणंही आम्हांला कळत होतं. पण पट्टे धुतल्यावर तो माणूस पुन्हा आपल्या पानाच्या टपरीवर बसायचा, एवढं आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जावईबापूंना आम्ही हेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

आमची भीती निराळीच होती. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींचा खून झाला. मारणारा कुणी मुसलमान निर्वासित आहे, अशी साफ खोटी बातमी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला. आठवडाभर गावोगाव दंगली झाल्या. त्या दिवसांत लेकीनं नातीला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. ती मुलगी डोक्याला रुमाल बांधते. दोन महिन्यांनी ती रानात तलवारी घेतलेल्या तीस अनोळखी माणसांत जाणार, हे काही आमच्या पोटात मावेना. म्हणून ‘आम्ही पण येतो’ म्हटलं. ती हसली. ‘चलो, पर डरो नक्को,’ म्हणाली. तिची दखनी तेवढीच उरली आहे.

तिथं पोचल्यावर कळलं की त्या दिवशी माणसं कमी पडली होती. खेळणाऱ्यांची एक टोळी असते आणि त्यांच्या वाटेत येणारे गावकरी, राक्षस, भुतं व्हायला दुसरी मंडळी लागतात. एका जाड्या मुलानं आम्हांला सरायचा मालक आणि मालकीण केलं. अंगावर दोन घोंगड्या आल्या. मग त्यानं एक कागद पुढं केला: नाव, आणि त्याखाली ‘रेस’. नातीनं मराठीत सांगितलं, ‘तुमची जात लिहा. माणूस, एल्फ, बुटका, ऑर्क...’ आम्ही हसलो. हजारो मैलांवर येऊन तोच रकाना! नंतर तिनं सांगितलं की टेबलावरच्या मूळ खेळात आता हा शब्द राहिलेला नाही. ऑर्क हे जन्मानंच दुष्ट, ही रीत बरोबर नाही असं त्या कंपनीनं २०२० साली मान्य केलं आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात ‘रेस’ काढून ‘स्पीशीज’ घातलं. शब्द बदलल्यानं फार काही बदलतं असं नाही, पण कागदावरची जात पेनाच्या एका फटक्यात गेली, याचा आम्हांला जरा हेवा वाटला. या मंडळाचा कागद मात्र अजून जुनाच होता.

तलवारी कचकड्याच्याही नसतात. आत लवचीक काठी, वर फोम आणि त्यावर रबराचा लेप. डोक्यावर मारायचं नाही, मारताना हात आखडायचा. कुणाला खरोखर लागलं तर ‘मॅन डाऊन’ ओरडायचं, की सगळं रान जागच्या जागी थांबतं. आणि खेळाच्या बाहेर यायचं असेल तर एक बोट आकाशाकडे करून चालायचं. मग तुम्ही कुणाला दिसत नाही. दुपारी जोहरच्या वेळी आमची नात तशीच बोट वर करून लढाईतून चालत आली आणि गाडीमागं जाऊन नमाजाला उभी राहिली. दोन ऑर्क तिच्या वाटेतून अदबीनं बाजूला झाले.

आमचं काम सोपं होतं. गावातलं एक पोर हरवलंय. टोळी सरायीत येईल, तेव्हा म्हणायचं, ‘ऑर्कांनी नेलं. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं.’ पोर खरं म्हणजे सरायीच्या माळ्यावर लपलेलं, पण ते टोळीला शोधू द्यायचं. टोळी आली. पुढच्या मुलानं विचारलं, ‘म्हाताऱ्या, तुझं नाव काय?’ कागदावर लिहिलेलं नाव आमच्या तोंडून बाहेर पडेना. मग नानीनं सावरलं आणि ते वाक्य म्हटलं. असं म्हटलं की आमच्याच अंगावर काटा आला. पोराची आई कशी ओरडत होती, तेही तिनं पदरचं घातलं. टोळीनं माळा पाहिला नाही. सगळे तलवारी उपसून ऑर्कांच्या पालांवर धावले. आमची नात सगळ्यांत पुढं.

दहा मिनिटांत सहा ऑर्क पानांवर आडवे पडले होते. मग माळ्यावरचं पोर खाली उतरलं आणि रडतच म्हणालं, ‘मी लपलो होतो.’ कुणी काही बोललं नाही. पडलेल्यांपैकी एकाला शिंक आली, तेव्हा कुठं हसू फुटलं. मेलेले उठले, कपडे झाडले, चहा प्यायले. तो जाडा मुलगा आमच्याजवळ येऊन सांगू लागला की ही गोष्ट जुलैच्या आधीच लिहून ठेवलेली होती, बदलावी का यावर त्यांच्यात बरंच भांडण झालं. तो पुन:पुन्हा नातीकडे पाहत होता. ती म्हणाली, ‘बरं झालं, बदलली नाही.’ ती आमच्याकडे बघत नव्हती.

परतताना ती गाडी चालवत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ‘नानी, तू इतकं खरं कसं बोललीस? आणि नाना नाव सांगताना अडकले का?’

मग आम्ही तिला १९९३ च्या जानेवारीतली लोकल सांगितली. तिच्या आईलाही आम्ही ती कधी सांगितली नव्हती. कुर्ल्याच्या पुढं डब्यात चौघे चढले आणि एकेकाला नाव विचारत येऊ लागले. मागच्या बाकावरचे लोक कुठल्याशा वस्तीतल्या पोरांचं काहीबाही सांगत होते, ‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणून. शेजारच्या एका अनोळखी बाईनं आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि काही न बोलता नानीच्या कपाळावर चिकटवली. चौघे आले तेव्हा आम्ही दोन नावं सांगितली. ते पुढं गेले.

नातीनं ती नावं विचारली. आम्ही सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून पाहिली, आणि मग टिकली कुठल्या रंगाची होती ते विचारलं. त्यावर आमचं दोघांचं एकमत झालं नाही.