पाठीवरचे केस आणि ‘कायमचे’ हा शब्द

वाचकहो, पुरुषाच्या पाठीवरील केस हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात यावा, हे आपणांपैकी काहींना खटकेल. परंतु आमच्या मनोरीच्या खाऱ्या, दमट हवेत दाट केसांची पाठ म्हणजे घामोळे, खाज आणि केसांच्या मुळाशी उठणाऱ्या पुळ्या यांचे घरच. त्यात मधुमेह असेल, तर साध्या पुळीची काळपुळी होण्याचा धोका वाढतो. माझे वय ६६ आणि मधुमेह १४ वर्षांचा. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी देखणेपणाचा उरलेला नाही.

पाठीवरचे केस कापण्याचे काम गेली ३० वर्षे माझी पत्नी करीत आली. आता संधिवातामुळे तिच्या बोटांना कात्री धरवत नाही. स्वतःचा हात स्वतःच्या पाठीवर पोहोचत नाही आणि मुलापुढे पाठ उघडी करण्याचा संकोच वाटे. एकदाच काय तो खर्च करावा व पुढे कोणावर भार टाकू नये, या विचाराने मी बोरिवलीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

तेथे मला ‘कायमचे’ या शब्दाचा खरा अर्थ कळला. लेसरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. हे तत्त्व अँडरसन व पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ साली मांडले. पांढऱ्या केसात मात्र प्रकाश शोषणारे रंगद्रव्यच नसते. माझ्या पाठीवरचे निम्म्याहून अधिक केस पांढरे आहेत. म्हणजे सारे पैसे मोजूनही निम्मी पाठ होती तशीच राहणार. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही लेसरबाबत ‘केस कायमचे कमी करणे’ एवढाच दावा मान्य करते. ‘समूळ घालवणे’ असा नव्हे.

आता वेळेचा हिशेब पाहा. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने साधारण ६ ते ८ बैठका घ्याव्या लागतात आणि पुढेही अधूनमधून एखादी. बैठकीपूर्वी काही आठवडे वॅक्सिंग वर्ज्य, उन्हात उघडे फिरणे वर्ज्य आणि एखादा दिवस आधी पाठ वस्तऱ्याने साफ करणे आवश्यक. म्हणजे दुसऱ्याचा हात तेथेही लागतोच! मनोरीहून मार्वेची फेरी, मग मालाड, मग लोकल यांत दिवस मोडतो. सोबत कोणी आले तर दोघांचा. पावसाळ्यात फेरी बंद असली, तर उत्तन-भाईंदरचा वळसा आहेच. केवळ हिशेबासाठी एका बैठकीचे ८,००० रुपये धरले, तरी ८ बैठकांचे ६४,००० होतात. सौंदर्योपचार म्हणून विमा कंपन्या सामान्यतः हा खर्च देत नाहीत.

पांढऱ्या केसांवर चालणारा उपाय म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. १८७५ साली चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी तो वापरल्याची नोंद आहे. त्यात प्रत्येक केसाच्या मुळाशी सुई घालून विद्युतप्रवाह सोडतात. हनुवटीवरच्या चार केसांसाठी ते ठीक. सबंध पाठीसाठी किती तास लागतील, याची कल्पना आपणच करावी. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज या वाटेला जाऊच नये.

माझ्या ३१ वर्षांच्या मुलाची पाठ माझ्यासारखीच, पण केस काळेभोर. त्याला लेसर करून घ्यावेसे वाटले, तर मी अडवणार नाही. मात्र त्याने आधी विचारावे : एकूण बैठका व एकूण खर्च किती, यंत्र सावळ्या त्वचेला मानवणारे आहे काय, प्रथम लहानशा जागी चाचणी करणार काय, आणि उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली होणार काय? भाजणे, डाग पडणे, क्वचित पाठीवर व खांद्यांवर उलट अधिक केस येणे, हे धोकेही ऐकून घ्यावेत.

आपल्या वयाला मात्र टोपण लावलेला ट्रिमर पुरेसा आहे. केस अगदी मुळापासून काढण्याचा अट्टहास नको. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर वस्तरा टाळावा. त्वचा पातळ झाली असेल तर वॅक्सिंग नको. अंगावर एकाएकी नवे केस वाढू लागले, तर डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवावी. मिनॉक्सिडिल, फेनिटोइन, सायक्लोस्पोरिन यांसारख्या औषधांनीही तसे होते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. हे काम करताना वृद्धाला चारचौघांत उघडे बसवू नका. दार लावून घ्या. आणि केसांबरोबर त्वचाही पाहा : लालसर चट्टा, न भरणारी जखम, रंग वा आकार बदललेला तीळ. आमच्या घरी आता महिन्यातल्या एका रविवारी मुलगा ट्रिमर घेऊन बसतो. दुसऱ्याच खेपेस माझ्या डाव्या खवाट्याखालची एक टणक पुळी त्याच्या नजरेस पडली आणि ती वाढण्याआधी डॉक्टरांना दाखवता आली. मला ती कधीच दिसली नसती.