पुष्पकचं देणं

डॉ. विष्णू माधव घाटगे यांना मी कधी भेटलो नाही. तरी माझ्या घरची चूल पेटली ती त्यांच्यामुळे, असं मी मानतो.

फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मी कामाला लागलो तो त्यांनी आखलेल्या पुष्पक या छोट्या विमानावर. पहिलं काम कापडाचं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवायचं, शिवायचं, मग डोप नावाच्या लेपाचे हात मारायचे. डोप वाळला की कापड आक्रसून ताठ बसतं. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. बद्द वाजलं तर हेडमेकॅनिक पुन्हा करायला लावत. सकाळी इंजिन सुरू करायचं तेही हातानेच. आतून 'कॉन्टॅक्ट' अशी हाक आली की पंख्याचं पातं झटक्यात खाली ओढायचं आणि त्याच झोकात मागे सरायचं. मेकॅनिकचं लायसन्स, पुढची नोकरी, मुलांची शिक्षणं, सगळं त्या कापडापासून सुरू झालं.

घाटगे गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८ चा. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत मांडणारे ते प्रांड्टल. अशा गुरूचा शिष्य परदेशातच रमला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. घाटगे परत आले. वालचंद हिराचंदांनी बंगळूरला काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये गेले, भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं आणि वायुदलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. पुढे कृषक आलं, किरण हे जेट आलं.

पुष्पक १९५८ सालचं. ९० अश्वशक्तीचं इंजिन, दोनच जागा, त्याही शेजारी शेजारी. शिकणाऱ्याला मास्तरांचा हात आणि नजर दोन्ही दिसायचे. काहीजण नाक मुरडतात, की हे तर अमेरिकन एरोन्काच्या वळणाचं. साम्य आहेच. पण साधा सुटा भाग मागवायचा तरी परकीय चलनाची परवानगी लागायची, असे ते दिवस. त्या दिवसांत सुई-दोरा, कात्री आणि ब्रश हाती असलेला क्लबचा कामगार ज्याची डागडुजी करू शकेल, असं विमान देशाला देणं ही मोठी दृष्टी होती. नवी करामत दाखवण्यापेक्षा हे अवघड, असं माझं ठाम मत आहे. मध्यमवर्गातली कितीतरी पोरं याच विमानामुळे उडायला शिकली आणि माझ्यासारख्यांच्या हाताला कसब लागलं.

१९६५ साली घाटगेंना पद्मश्री मिळाली. १९९१ साली ते गेले.

बंगळूरला एचएएलच्या संग्रहालयात एचटी-२ ठेवलेलं आहे. तिकडे गेलात तर मुलांना त्याच्यापाशी जरा थांबवा आणि आपल्या गडहिंग्लजकडच्या माणसाने ते आखलं, एवढं त्यांना आवर्जून सांगा.