गिटारवरचं चैत्रांगण

गिटार घेतली १९९५ साली. कलकत्त्याची गिवसन, इलेक्ट्रिक, पांढरीशुभ्र. उल्हासनगरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला की-बोर्ड घ्यायचा होता, म्हणून त्याने ती विकायला काढली होती. मी ती चादरीत गुंडाळून लोकलने अंबरनाथला आणली. दादा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते; लाकूड-लोखंडातलं त्यांना कळायचं. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, टिचकी मारली आणि म्हणाले, ‘‘हिला पोटच नाही. वाजणार कुठून?’’

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला आणखी दोन वर्षं लागली. तोवर ती खरंच वाजत नव्हती.

आमची बैठी चाळ अंबरनाथ पूर्वेला. दारापुढे आई सारवायची तेवढं अंगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत तिथे रोज सकाळी चैत्रांगण उमटायचं. मखरातल्या दोन गौरी, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कामधेनू, नाग, कासव, हत्ती, गोपद्मं, फणी-करंडा. गौरीच्या घरी जे असायला हवं ते सगळं. आईला कुठली आकृती कुठे हे आठवावं लागत नसे. बोटं आपली चालत जायची. दुपारपर्यंत चपला, सायकली आणि कोंबड्या मिळून सगळं पुसून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर्य-चंद्रापासून सुरुवात.

२६ जुलै २००५ला वालधुनीचं पाणी चाळीत शिरलं. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. कपाट, गादी, दादांची पासबुकं गेली. गिटार वाचल्याचं मी आनंदाने सांगायला गेलो, तेव्हा दादांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे.

पुढे दादा गेले, चाळ गेली, आणि २०१२ साली आम्ही पालेगावात राहायला आलो. एकीकडे आनंदनगर एमआयडीसी, दुसरीकडे जुनं आगरी गाव आणि भातखाचरांच्या जागी उगवलेले टॉवर. आम्ही चौदाव्या मजल्यावर. गॅलरीतून मलंगगड दिसतो, हे बिल्डरने सांगितलेल्या गोष्टींपैकी खरं निघालेलं एक. अंगण अर्थातच नाही. पहिल्या चैत्रात आईने दाराबाहेरच्या लादीवर रांगोळी घातली, तर साडेनऊला सफाईवाली फिनेलचा पोछा मारून गेली. आई तिला काही बोलली नाही. पुसली जाण्याचं तिला दुःख नव्हतंच, साडेनऊ ही वेळ मात्र फार लवकरची वाटली.

त्याच आठवड्यात एकदा कामावरून आलो तर गिटार पलंगावर आडवी होती आणि आई चष्मा लावून तिच्यावर वाकली होती. हातात माझ्या मुलीचा काळा परमनंट मार्कर. नॉबच्या बाजूला सूर्य, वरच्या शिंगावर चंद्र, ब्रिजच्या मागे दोन हत्ती. व्हॉल्यूमच्या नॉबला तिने कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या. ‘‘पांढरी सपाट जागा घरात एवढीच होती,’’ ती म्हणाली.

मी आधी हबकलो, मग आरशासमोर उभा राहून गळ्यात अडकवली. गिटार रंगवणारे मोठे लोक मला माहीत होते. जॉर्ज हॅरिसनने १९६७ साली आपली १९६१ची फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर झगझगीत रंगांनी रंगवली होती. दांड्याच्या टोकाला बायकोचं नेलपॉलिश लावलं होतं. एरिक क्लॅप्टनची गिटार त्याच सुमारास ‘द फूल’ नावाच्या डच चित्रकारांनी रंगवली, तिचा रंग पुढे पोपडे धरून सुटू लागला. पण चैत्रांगण कुणाच्याही गिटारवर नव्हतं. गावातल्या हळदीत बेंजोवाल्यांबरोबर वाजवायला गेलो की म्हाताऱ्या बायका जवळ येऊन आधी कासव शोधायच्या, मग गौरी, मग मला विचारायच्या, ‘‘कुणी काढलंय रं?’’

पण परमनंट मार्कर नावापुरताच परमनंट असतो. त्याची शाई स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कागदावर, कापडावर ती धाग्यांत मुरते. गिटारच्या काचेसारख्या रंगावर मात्र नुसती बसून राहते. हाताचा घाम, बाहीचं घासणं, खिडकीतलं ऊन एवढं तिला पुरतं. वर्षभरात हत्तींच्या सोंडा झडल्या. दर चैत्रात आई पडलेल्या रेघा पुन्हा ओढायची आणि तेवढ्यावर चाललं होतं.

२०२०चा पाडवा २५ मार्चला होता. देशभराचं लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झालं. घरात करायला काही नव्हतं, म्हणून रोज वाजवायचो. दूध घेऊन आलो, सॅनिटायझर चोळला, गिटार घेतली. दोन गाणी झाल्यावर बघतो तर मनगटाखालची कामधेनू वासरासकट नाहीशी. शर्टावर काळा ढग. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल, आणि ही शाई अल्कोहोलचीच.

‘‘जाऊ दे, अंगण पुसायचंच असतं,’’ आई म्हणाली. पण तिला तेव्हा सत्तर उलटून गेली होती, बाहेर माणसं जात होती, आणि मला ते पुसू द्यायचं नव्हतं.

मग माझे उद्योग सुरू झाले. आधी वह्यांना लावायचं चिकट पारदर्शक प्लास्टिक लावलं. बुडबुडे आले म्हणून काढलं, तर गोंदाबरोबर चंद्र निघून आला. मग एका गाड्या रंगवणाऱ्याने ‘काही होत नाही’ म्हणत कोपऱ्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, ओला हात मारला. क्लिअरमध्ये थिनर, थिनरने शाई सुटली, आणि शंखातून जांभळट ओघळ खाली चक्रापर्यंत आला. (काळ्या शाईत जांभळं दडलेलं असतं, हे मला शंखाने शिकवलं.)

शेवटी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशवाला भेटला. मेलामाइन, एनसी, पीयू हे सगळं कोळून प्यालेला माणूस. त्याने गिटारला हात लावायच्या आधी एका सनमायकाच्या तुकड्यावर माझ्याच मार्करने रेघ ओढली, वर दुरून एक फवारा सोडला, मग जवळून एक. दुरून सोडलेल्या फवाऱ्याखाली रेघ होती तशी राहिली, जवळच्या फवाऱ्याखाली पसरली. ‘‘देखा? गीला मारोगे तो बह जाएगा.’’ म्हणजे पहिले चार-पाच हात नुसते धुक्यासारखे, प्रत्येक वाळू द्यायचा. शाई त्यात कोंडली गेली की मग भरीव हात. तेही पावसाळ्यात नाही, दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. आणि पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला वाईट. घरात, गॅलरीत हा उद्योग करायचा नाही, तोंडाला नुसता रुमाल बांधून तर नाहीच.

एवढं सांगून त्याने गिटारवरून अंगठा फिरवला. खरी अडचण वेगळीच होती. गुळगुळीत रंगावर क्लिअर धरत नाही. आधी पाणीपेपर मारून पृष्ठभाग खरवडायला हवा, आणि तो चित्रासकट निघणार. पेपर न मारता क्लिअर दिलं तर वर्षभरात पापडासारखं सुटेल आणि चित्र घेऊन जाईल. ‘‘सब मिटाओ. फिर से बनवाओ. फिर मैं लगाऊँगा.’’

मला हे माहीत असायला हवं होतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर मी पाहिले होते. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचे थर देत, घोटत ते गोल पत्ते करायचे, मग दशावतार रंगवायचे आणि शेवटी वर लाख. दशावतारी संचात एकशेवीस पत्ते. टिकते ती लाख, हे मी पाठ केलं होतं. लाखेच्या आधीचं घोटणं विसरलो होतो.

घरी येऊन आईला सांगितलं, की चित्र टिकवायचं तर आधी पुसावं लागेल. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून हसली. इतकी हसली की ठसका लागला.

२०२२च्या चैत्रात, तारा, पिकअप, नॉब काढून, दांड्याला मास्किंग टेप लावून, आठशेच्या पाणीपेपरने मीच सगळं खरवडलं. कासव सगळ्यात शेवटी गेलं. गिटार दुधाळ, मंद पांढरी झाली. मुलीने पाण्यातल्या रंगाचे पोस्का मार्कर आणले. त्यांत शाई नसून रंगद्रव्य असतं, थिनरला ते सहजी दाद देत नाही, उन्हातही लवकर उडत नाही. आई चार दुपारी बसली. हात आता थरथरतो. सूर्याला पूर्वीसारखा गोल घेर नाही, हत्तींचे पाय वाकडे. मला जुनं जपायचं होतं. हे नवं होतं. तुळशीवृंदावनाच्या शेजारी तिने एक लांबट डबा काढला, त्याला चाक दिलं. विचारलं तर म्हणाली, ‘‘पाण्याचा टँकर. सोसायटीत तो आला की गौर आल्यासारखंच करता ना सगळे?’’

गौरीच्या घरी जे असायला हवं ते सगळं.

पॉलिशवाल्याने पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक क्लिअर वापरलं. धुक्याचे पाच हात, भरीव तीन. महिनाभर गिटार टांगून ठेवली, मग दोन हजारचा पेपर आणि रबिंग कंपाउंड. नखाने ओरखडलं तरी रेघ हलत नाही. घाम नाही, सॅनिटायझर नाही; ओला फडका मारला की झालं.

घरी आणल्यावर आईनेच पाहिलं, की टँकरला पुढचं चाक आहे, मागचं काढायचं राहिलंय. मी म्हटलं, आता आत जाता येणार नाही. तिने माझ्या मुलीचा जुना काळा मार्कर घेतला आणि क्लिअरच्या वरूनच चाक काढलं. ते तीन आठवडे टिकलं. मग तिने पुन्हा काढलं. परवा गावातल्या हळदीत वाजवून आलो, तर ते माझ्या मनगटावर उमटलेलं होतं.