गिटार, गळा आणि छोटा ॲम्प

कोल्हापुरात स्पीकर घ्यायचा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा? गणेशोत्सवात ट्रॉलीवर रचलेल्या डॉल्बीच्या भिंती बघत मोठं झालेलं हे शहर. इथं आवाज छातीत धडकला तरच तो चांगला, असं मानणारे पुष्कळ. त्यामुळं माझ्या भाचीनं गिटार वाजवत गाण्यासाठी छोटा ॲम्प घ्यायचं ठरवलं, तेव्हा ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकानं तिला आधी वॅटच विचारले. ती कुठं गाते, काय गाते, किती माणसांपुढं गाते, हे कुणी विचारलं नाही.

ती एका शाळेत संगीत शिकवते. सुट्टीच्या दिवशी भावगीतं, गझला आणि स्वतः रचलेली गाणी गाते. समोर पंचवीस-तीस माणसं. जागा म्हणजे कुणाचा दिवाणखाना, एखाद्या कॅफेचा कोपरा, ग्रंथालयाची खोली, उन्हाळ्यात गच्ची. जायचं स्कूटरवरून, गिटार पाठीला आणि बाकीचा संसार पायापाशी. मी बरीच वर्षं छोट्या मैफिलींचा साउंड बघत आलोय, म्हणून तिनं फोन केला, ‘मामा, तू चल की माझ्यासंगं. दुकानदार सांगेल ते मला कळत नाही.’

तोवर ती एका मित्राचा इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प वापरत होती. गाणं ऐकणाऱ्यांची एकच तक्रार असायची की शब्द कळत नाहीत. तिला वाटायचं आपले उच्चार कमी पडतात. तिचे उच्चार स्वच्छ आहेत. अडचण त्या डब्यात होती. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर पटकन मंदावतो, आणि तो मुद्दामच तसा केलेला असतो, कारण त्या गिटारचा ओरखडता वरचा आवाज कानाला नकोसा होतो. पण ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांची धार नेमकी त्याच पट्ट्यात असते. ती कापली गेली की गाणारा घोंगडी पांघरून गातोय असं वाटतं. भावगीतात शब्दच हरवला तर उरलं काय? म्हणून गळा आणि अकूस्टिक गिटार यांच्यासाठी वेगळ्या जातीचा ॲम्प लागतो: खालपासून वरपर्यंत सगळं सारख्या न्यायानं ऐकवणारा, बहुधा वेगळा ट्वीटर असलेला, आणि गिटारला एक व माईकला एक अशी दोन चॅनल असलेला.

आता वॅटचा हिशोब. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं, म्हणजे कान देऊन ऐकलं तर जाणवेल एवढा. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. रोलँडचा क्यूब स्ट्रीट एकूण ५ वॅटचा आणि मार्शलचा एएस ५० डी ५० वॅटचा. स्पीकर सारखे धरले तर या दोघांत कानाला वाटणारा फरक दुपटीचा, पण वजनातला फरक त्याहून मोठा. क्यूब स्ट्रीट पाच किलोंच्या आसपास आणि सहा पेन्सिल सेलवर चालणारा. मार्शलमध्ये ८ इंची दोन स्पीकर, भक्कम लाकडी पेटी आणि वजन पंधरा किलोंच्या वर. स्पीकरची जात आणि पेटीची बांधणी यांनीही आवाज कितीतरी बदलतो. नुसता वॅटचा आकडा विचारून ॲम्प घेणं म्हणूनच मला पटत नाही.

वॅट अगदी निरुपयोगी आहेत असंही नाही. गळ्याला मोकळीक लागते. गाणारी हळू आवाजातून एकदम तार सप्तकात गेली की लहान ॲम्पचा आवाज फाटतो. घरातल्या मैफिलीला ५ वॅट पुरतात, रंकाळ्याकाठच्या कॅफेत रस्त्यावरच्या गाड्यांपुढं ते दमतात. तिच्या कामाला ३० ते ६० वॅट पुरे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

या शहराच्या कानांना दुसरंही एक वळण आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये सुरू झालं. आज सगळीकडं दिसणाऱ्या कॉइलच्या लाउडस्पीकरचा राइस आणि केलॉग यांचा गाजलेला शोधनिबंध आला १९२५ साली. म्हणजे सुरुवातीची वर्षं त्या थिएटरात नटाचा गळा आणि वास्तू यांच्याच जोरावर पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं होतं. १८८३ पासूनच्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकांचीही सुरुवात तशीच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, ती काही उगीच नाही. छोटा ॲम्प निवडताना मी हेच डोळ्यांसमोर ठेवतो. माणूस समोर बसून गातोय असं वाटलं पाहिजे, फक्त ते मागच्या भिंतीपाशी बसलेल्यालाही वाटलं पाहिजे.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात आम्ही तिची स्वतःची गिटार आणि स्वतःचा माईक घेऊन गेलो. दुकानदारानं आधी ब्लूटूथवरून एक सिनेमातलं गाणं दणक्यात लावून दाखवलं. गाणं छानच वाजलं; रेकॉर्ड केलेलं, घोटून तयार झालेलं गाणं बहुतेक ठिकाणी छानच वाजतं. मग तिनं माईक लावला. मी तिला समोर उभं केलं आणि स्वतः दुकानाच्या दारापाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. ओळ हळू म्हणायला सांगितली, मग तीच ओळ मोकळ्या आवाजात. हळू म्हणताना शब्द कळतात का, मोठ्यानं म्हणताना आवाज टोचतो का, एवढंच ऐकायचं. त्यानंतर गिटार. दुकानदार चांगला माणूस होता, ‘वाजवा की ताई, निवांत वाजवा,’ म्हणाला आणि शटरजवळचा पंखा बंद करून आला, कारण पंख्याच्या घरघरीत ॲम्पची सुरसुर ऐकू येत नव्हती.

तिथल्या एका स्वस्त मॉडेलला माईकसाठी नुसतं पी-३८ पिनेचं भोक होतं, कराओकेच्या माईकसाठी असतं तसं. तिच्याकडं शुअरचा एसएम ५८ आहे. १९६६ पासून जगभरच्या गायकांच्या हातात असलेला हा माईक मजबूत, पण त्याचा सिग्नल फार बारीक. त्याला तीन काड्यांचा कॅनन जोड लागतो. कॅननमधून सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली विजेची घुरघुर दुसऱ्या टोकाला आपोआप वजा होते. कॅनन टू पी-३८ केबल लावून काम भागतं, पण आवाज पातळ येतो, नॉब वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर सुरसुरही वर येते. फेंडरचा अकूस्टासॉनिक १५ किमतीत बसणारा होता आणि त्यात माईकचं वेगळं चॅनलही आहे. पण त्याचा ६ इंची एकच स्पीकर तिच्या खालच्या स्वरांना थोडा अरुंद वाटला. गिटार शिकणाऱ्या मुलाला तो मी खुशाल घ्यायला सांगेन.

शिट्टीचं, म्हणजे फीडबॅकचं, शास्त्र दुकानात फारसं कुणी सांगत नाही. अकूस्टिक गिटार ही स्वतःच एक पेटी आहे. मोठ्या पोटाच्या गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर आहे ९८ हर्ट्झचा. ॲम्प गिटारच्या मागं ठेवला की तो पेटीला हलवतो, पेटी सॅडलखालच्या पिझो पट्टीला हलवते, पट्टी पुन्हा ॲम्पला कळवते आणि घों सुरू होतं. यावर तीन साधे उपाय आहेत. पेटीच्या तोंडाला रबरी झाकण बसवायचं. ॲम्पवरचा नॉच किंवा अँटी-फीडबॅक नॉब फिरवून तेवढाच स्वर दाबायचा. आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे ॲम्पची जागा बदलायची. एसएम ५८ मागच्या बाजूनं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून ॲम्प माईकच्या शेपटीकडं, गाणारीच्या पुढं एका बाजूला, स्टुलावर ठेवायचा. जमिनीवर कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो आणि शब्द पुन्हा बुडतात. गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली तरी आवाज फाटतो आणि दोष ॲम्पला जातो. ॲम्प नाकारण्याआधी ती बॅटरी बदलून बघावी.

विजेचं मात्र हसण्यावारी न्यायचं नाही. एका जुन्या घरातल्या कार्यक्रमाआधी माईकला ओठ लागताच तिला झिणझिण्या आल्या. मी टेस्टर ॲम्पच्या धातूच्या पट्टीला लावला, तर आतला दिवा मंद पेटला. भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. हात गिटारच्या तारांवर, ओठ माईकवर, आणि दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज. १९७२ मध्ये स्वॉन्झी इथं लेस्ली हार्वे हा गिटारवादक असाच अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मंचावर विजेच्या धक्क्यानं दगावला. आम्ही प्लग काढला आणि त्या दिवशी ती माईकशिवायच गायली. त्यानंतर बॅटरीवर चालणारा ॲम्प ही अट यादीत सगळ्यात वर गेली. लाईट जाण्याचा प्रश्नही त्यात सुटला.

शेवटी तिनं रोलँडचा एसी-३३ घेतला, पुण्यातल्या एका वादकानं वापरलेला. ३० वॅट, ५ इंची दोन स्पीकर, दोन चॅनल, आठ पेन्सिल सेल आणि वजन पाच किलोंच्या आत. सेलवर ताकद थोडी कमी होते, पण घरगुती बैठकीला पुरते. जुना ॲम्प घेताना मी सेलचं झाकण उघडून बघितलं, कारण विसरून राहिलेले सेल गळून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर बसतो आणि दुरुस्ती महागात जाते. इथं पत्रे चकचकीत होते. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवला. एकाला किंचित खरखर होती, ती दोन-चारदा फिरवल्यावर गेली. गिटारची पिन घालून हलवून बघितली, सॉकेट घट्ट होतं. एवढं झाल्यावर व्यवहार झाला.

पहिली बैठक मंगळवार पेठेतल्या एका गच्चीवर झाली. तिनं गिटारचा नॉब गळ्यापेक्षा खाली ठेवला आणि इको जवळजवळ बंद. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, म्हणून ती साडेनऊलाच थांबली. शेजारच्या गच्चीवरच्या आजी कठड्याशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी उतरताना तिला एका गाण्याचे शब्द लिहून मागितले. मला तो दाखला पुरेसा वाटला.

तुम्ही असा ॲम्प घ्यायला निघाला असाल, तर आपली गिटार, आपला माईक आणि ऐकायला एक माणूस बरोबर न्या. आधी गळा तपासा, नंतर गिटार. माईकला कॅनन आहे का, ट्वीटर किंवा वरचे स्वर नीट आहेत का, पेटी तुम्हाला एकट्यानं जिना चढून नेता येते का, हे बघा. ज्या घरी गाणार तिथल्या सॉकेटचं अर्थिंग कार्यक्रमाआधी तपासून घ्या. आणि दुकानदार अर्धा तास मनाजोगं गाऊन बघू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा.