अराकूच्या डोंगरातली कॉफी

मुलांनो, विशाखापट्टणमहून किरंदुलकडे जाणारी रेल्वे पूर्व घाटात शिरली, की बोगद्यामागून बोगदे सुरू होतात. उजेड-अंधार, उजेड-अंधार! मग येतं आंध्र प्रदेशातलं अराकू खोरं. उंची सुमारे १००० मीटर.

इथे सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं वाढतात. ओकच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. एका जागेत दोन पिकं! उन्हाळी सरी पडल्या, की झुडपांवर पांढरी, सुवासिक फुलं येतात. हिवाळ्यात फळं लालचुटुक होतात. पण सगळी एकदम पिकत नाहीत. म्हणून लाल तेवढीच हाताने खुडायची, हिरवी पुढच्या फेरीला! मग साल काढून बिया धुवायच्या नि वाळवायच्या. एका फळात बिया किती? बहुधा दोनच! एका कपामागे किती खुडणं आलं, पाहा.

ही शेती आदिवासी कुटुंबांची. जमिनीचे तुकडे लहान, बाजार लांब. गरजेपोटी घाईने माल विकला, तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून १९५६ साली स्थापन झालेलं गिरिजन सहकारी महामंडळ त्यांची कॉफी विकत घेतं. २०१९ साली ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

घरी कॉफी आणाल, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं आई-बाबांना वाचून दाखवा. कॉफी कुठली? तिच्यात चिकोरी किती? चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. ती जितकी जास्त, तितकी कॉफी कमी. आणि कॉफी पिकवणाऱ्याचा वाटाही कमी!