पायऱ्यांचा हिशेब

बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिला संकल्प केला तो मांगीतुंगीच्या यात्रेचा. गेल्या हिवाळ्यात तो योग आला. जळगावहून धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद या मार्गाने आम्ही उभयता पायथ्याशी पोहोचलो. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास. सौभाग्यवतींनी काठी घेतली, मी नाकारली. डोलीवाल्याने विचारले तेव्हा तर मला अपमानच वाटला. शिखरावरील लेण्यांत दर्शन घेतले, २०१६ साली पंचकल्याणक झालेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीपुढे हात जोडले आणि ‘चढून झाले, आता उतरणे ते काय!’ असे म्हणत भराभर खाली आलो.

त्या रात्री पाय किंचित जड होते, इतकेच. परंतु दुसऱ्या दिवशी घरी परतताना मोटारीतून उतरता येईना. तिसऱ्या दिवशी मंदिराच्या तीन पायऱ्या कठडा धरून आडवे पाऊल टाकीत उतरलो. सामायिकासाठी जमिनीवर बसणेही अशक्य झाले. ही आपली अखेरची यात्रा, असे मनाने घेतले. मुलाला तसे कळवूनही टाकले.

धुळ्याचे एक स्नेही डॉक्टर आहेत. त्यांनी दूरध्वनीवर सर्व ऐकून विचारले, “उतरलात कसे?” मग समजावले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार रोखून धरतात. सवय नसेल तर त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ते दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवड्याभरात आपोआप शमते. स्नायूंत आम्ल साचते हा समज चुकीचा. ते तासा-दोन तासांतच निघून जाते. रक्तदाबाच्या औषधासोबत वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका, असे त्यांनी बजावले. मात्र लघवी गडद तपकिरी झाली, पाय फार सुजला किंवा एकाच पोटरीत कळ राहिली, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

उपाय साधे निघाले. कोमट पाण्याने स्नान, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, ओवा घालून कढविलेल्या तिळाच्या तेलाचा हलका हात. जोराने रगडणे वर्ज्य. सर्वांत गुणकारी ठरले ते अंगणातले संथ चालणे. मी पलंग धरून बसलो की सौभाग्यवती म्हणत, “अहो, उठा. पाय म्हातारे झाले नाहीत, त्यांची सवय गेली आहे.” त्या स्वतः काठी टेकीत, थांबत उतरल्या होत्या, त्यांचे दुखणे दोन दिवसांत सरले.

सहाव्या दिवशी मी सामायिकास जमिनीवर बसलो. तेव्हा उमगले, देहाने मला फसविले नव्हते. मीच आयुष्यभर खुर्चीत बसून, खात्यात काहीही न भरता, एका दिवसात मोठी रक्कम काढू पाहिली होती. आणि काठी नाकारली ती शक्तीने नव्हे, मान कषायाने.

आता रोज जिन्याच्या थोड्या पायऱ्या चढतो आणि सावकाश उतरतो. एकदा सरावलेले स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतात, असे डॉक्टर सांगतात. मुलाला पुन्हा कळविले आहे : येत्या हिवाळ्यात आम्ही जाणार. काठ्या दोन घ्यायच्या आहेत.