रजिस्टरातला रकाना

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आमचे बालपण गेले. १६० चौरस फुटांची एक खोली, तीत आठ माणसे, आणि घरात घड्याळ नाही. वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यावर. सकाळचा भोंगा झाला की आई माझी वेणी घालायला बसे. शाळा महापालिकेची, हाकेच्या अंतरावर.

दप्तर म्हणजे बाबांच्या जुन्या लेंग्याची पिशवी. दगडी पाटीच्या चौकटीचा एक कोपरा निखळला होता, तो बाबांनी गिरणीतल्या सुताने करकचून बांधून दिला होता. पाटी पुसायला ओले फडके हवे. ते विसरले की थुंकी, आणि मग बाईंची छडी. पाढे आम्ही एका सुरात म्हणत असू. आवाज थेट चाळीत जाई. आई निरक्षर, पण भाकऱ्या थापता थापता ऐकून तिला पाढे पाठ झाले होते. संध्याकाळी म्हणे, "आज तेराच्या पाढ्यात कोण अडखळलं गं?"

नाव घालायला बाबाच आले होते. जून १९६१. रात्रपाळी करून तसेच आलेले, केसांत कापूस. ते कताई खात्यात होते. मागावर पूर्वी आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि आपल्या तोंडचे सूत इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. बाबा ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत.

हेडमास्तरांनी न विचारताच रजिस्टरात 'हिंदू महार' लिहायला घेतले. बाबा म्हणाले, "गुरुजी, बौद्ध लिवा."

"अहो, सवलती जातील मुलीच्या."

"जाऊ द्या. छप्पन साली नागपूरला जाऊन आलोय मी. परत कुठं माघारी जाऊ?"

हेडमास्तर मनाने वाईट नव्हते, हे आता कळते. त्यांनी टाक दौतीत बुडवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि 'बौद्ध' लिहिले. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या दादाच्या नावापुढेही बाबांनी हेच लिहवून घेतले होते.

आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलांच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू महार' राहिले. घरी बुद्धवंदना आणि कागदावर जुनी जात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरात खाणारी तोंडे जास्त, त्याला तो रकाना वेगळा दिसतो. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. केंद्र सरकारच्या राखीव जागांत बौद्ध बसत नव्हते.

दादा १९६९ साली मॅट्रिक झाला. शेजारचा त्याच्याच वर्गातला मुलगा केंद्राच्या नोकरीत राखीव जागेवर लागला. दादाने राज्याच्या नोकरीसाठी दोन वर्षे वाट पाहिली. त्या दिवसांत आई बाबांना म्हणाली, "पोराच्या पोटावर पाय दिलात तुम्ही." बाबा काही बोलले नाहीत. दादाही बोलला नाही. बाबांच्याच गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहिला आणि १९८२ च्या संपात घरी बसला. पुढे त्याने नाक्यावर वह्या-पेन्सिलींचे छोटे दुकान टाकले.

१९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना त्यात घेतले. त्या संध्याकाळी दादा दुकान लवकर बंद करून वर्तमानपत्र घेऊन घरी आला. बाबांना तेव्हा नीट दिसत नव्हते, म्हणून त्यानेच ती बातमी सगळी वाचून दाखवली.

बाबांनी विचारले, "तुझं वय काय झालं रे आता?"

"अडतीस."

बाबा उगाच चष्मा पुसत राहिले. दादाने वर्तमानपत्राची नीट घडी घातली, बाबांच्या उशाखाली ठेवली आणि आईला म्हणाला, "चहा टाक गं, आम्हा दोघांना."